'ऑथेल्लो' नाटकातील 'ऑनेस्ट'

प्रश्न असा आहे : शेक्सपिअरच्या 'ऑथेल्लो'मध्ये इयागोसारख्या कपटी माणसाला जो तो 'ऑनेस्ट' म्हणतो, ही पुनरुक्ती केवळ उपरोधासाठी आहे काय?

उपरोध आहेच, पण माझ्या मते या शब्दाचे खरे काम त्याहून मोठे आहे. 'ऑनेस्ट' आणि 'ऑनेस्टी' हे शब्द या नाटकात मिळून ५२ वेळा येतात, अशी मोजदाद विल्यम एम्प्सन या समीक्षकाने १९५१ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात दिली आहे. शेक्सपिअरच्या काळी पुरुषाबद्दल वापरल्यास या शब्दाचा अर्थ सचोटीचा, विश्वासू असा होई, तर स्त्रीबद्दल वापरल्यास बहुधा शीलवती, पतिव्रता असा होई. शिवाय वरिष्ठाने हाताखालच्या माणसाला उद्देशून तो उच्चारला, की त्याला आपल्या 'भल्या माणसा'सारखी किंचित कमी लेखणारी छटा येत असे. सेनापती ऑथेल्लोकडून बढती कॅसिओ या दुसऱ्या अधिकाऱ्याला मिळून स्वतः ध्वजवाहकच राहिलेल्या इयागोला ही शाबासकी किती झोंबत असेल, हे ध्यानात घेतले म्हणजे पहिल्या अंकापासून त्याच्यावर होणारा या शब्दाचा वर्षाव वेगळाच वाटू लागतो.

तिसऱ्या अंकाचा तिसरा प्रवेश मात्र सावकाश वाचावा. येथे इयागो ऑथेल्लोच्या मनात कॅसिओ आणि ऑथेल्लोची पत्नी डेस्डेमोना यांच्या संबंधाविषयी संशय पेरतो. कॅसिओ 'ऑनेस्ट' आहे ना, असे ऑथेल्लो विचारतो, तेव्हा इयागो कोणताही आरोप न करता तोच शब्द प्रश्नार्थक स्वरात परत करतो, आणि चिडलेला ऑथेल्लो तो पुन्हा उच्चारतो. येथवर विषय एका पुरुषाच्या सचोटीचा असतो. पुढे थोड्याच वेळात ऑथेल्लो म्हणतो, की डेस्डेमोना 'ऑनेस्ट' आहे याविषयी मला शंका नाही. आणि शब्द तोच राहूनही विषय पत्नीच्या शीलाचा होऊन बसतो. संशयाला पुरावा मिळण्याआधीच भाषेने त्याला वाट करून दिलेली असते. मराठीत येथे 'प्रामाणिक' आणि 'पतिव्रता' असे दोन शब्द वापरावे लागतात, त्यामुळे वाक्ये अचूक उतरली तरी हे घसरणे दिसत नाही. मूळ इंग्रजी संहिता शेजारी ठेवण्याचा माझा आग्रह याचसाठी आहे.

यानंतर एकच विशेषण इयागो आणि डेस्डेमोना यांच्यात जणू वाटून घेतले जाते : त्याला ते जितके मिळते, तितके तिच्याकडून जाते. चौथ्या अंकात ती पतीला कळवळून म्हणते, की आपण मला 'ऑनेस्ट' मानत असाल अशी आशा आहे. त्यावर तो कसाईखान्यातील माश्यांची उपमा देतो. तिची हत्या केल्यावरही इयागोची पत्नी इमिलिया हिच्यासमोर ऑथेल्लो इयागोचा उल्लेख 'ऑनेस्ट, ऑनेस्ट इयागो' असा दोनदा विशेषण लावून करतो.

इयागोचे कपट उघड झाल्यावर ऑथेल्लो विचारतो, की 'ऑनेस्टी' उरली नसताना 'ऑनर' (मान, प्रतिष्ठा) तरी का उरावा? लॅटिनमध्ये या दोन्ही शब्दांचे मूळ एकच आहे.