नऊ वर्षांची मांजरी दत्तक घेतली, दोन महिने झाले तरी हात लावू देत नाही. तिला धरून मांडीवर बसवायची सवय लावावी का?

नका लावू. बाकीचं उत्तर वाचलं नाहीत तरी चालेल, पण हे एवढं करू नका.

तुम्ही लिहिलंय की मांजरी दिवसभर पलंगाखाली असते, रात्री सगळे झोपले की बाहेर येऊन खाते, हात पुढे केला की मागे सरकते, आणि सासूबाई म्हणतात, "चार दिवस धरून बसा, आपोआप माणसाळेल." या वाक्याने मला लिहायला बसवलं. आमच्या घरात हेच वाक्य २०१७ पासून चालू आहे. बोलणारा माझा सख्खा थोरला भाऊ आहे.

आम्ही डोंबिवलीला तिसऱ्या मजल्यावर राहतो. खालच्या मजल्यावर एक काकू एकट्या राहायच्या, त्यांची बकुळी. पांढरी, पाठीवर करडे डाग, तेव्हा नऊ वर्षांची. २०१७ च्या जानेवारीत काकू गेल्या. मुलगा परदेशातून आला होता. तेरावा झाला त्या दुपारी तो दारात येऊन उभा राहिला, "मावशी, हिचं काय करू?" मी विचार न करता म्हटलं, वर आण. भाजीच्या प्लास्टिकच्या क्रेटवर दुसरा क्रेट उपडा घालून, सुतळीने बांधून बकुळी एक मजला वर आली. एकाच मजल्याचं अंतर, पण ती वॉशिंग मशीनच्या मागे गेली ती एकोणीस दिवस तिथेच.

मी घाई केली नाही. दुपारी तिच्याकडे पाठ करून लादीवर बसायचे आणि मेथी निवडायचे, शेंगा सोलायचे. तिच्याकडे टक लावून बघायचं नाही. नजरानजर झालीच तर डोळे सावकाश मिटायचे, सावकाश उघडायचे. ही काही माझी युक्ती नव्हे. इंग्लंडमधल्या ससेक्स विद्यापीठातल्या संशोधकांनी २०२० मध्ये हे नीट तपासून प्रसिद्ध केलं, की अशी सावकाश उघडझाप करणाऱ्या अनोळखी माणसाच्या हाताकडे मांजरं जास्त करून स्वतःहून येतात. मला ते तेव्हा ठाऊक नव्हतं. काकू तिच्याशी तसं करायच्या, ते मी जिन्यातून बघितलं होतं.

मग लाकडी उलथन्याच्या टोकाला उकडलेल्या कोंबडीचा लगदा. मीठ, मसाला, कांदा, लसूण काही नाही. कांदा-लसूण मांजराला विषारी. आधी हातभर लांबून, मग उलथनं रोज थोडं आखूड धरायचं. एप्रिलपर्यंत ती माझ्या बोटावरचं चाटायला लागली. पण तेच बोट गालाकडे वळलं की फिस्स करून मान फिरवायची आणि दिवाणाखाली. मला वाटायचं, काकूंची आठवण येते तिला. येणाऱ्या-जाणाऱ्या सगळ्यांना ते पटायचं. मलाही ते पटलं आणि मी आणखी काही शोधायचं थांबले. माझी चूक ती. फेब्रुवारीत लस द्यायला नेलं होतं, तेव्हा डॉक्टरांनी वजन केलं, सुई टोचली, म्हणाले वयाच्या मानाने छान आहे. तोंड उघडून बघा असं मी म्हटलं नाही आणि त्यांनी बघितलं नाही.

मे महिन्यात दादा-वहिनी एका लग्नासाठी आले. आमचं आजोळ रत्नागिरीकडचं. तिथे पडवीत, चुलीपाशी, गोठ्यात मांजरंच मांजरं. दादाला मांजरातलं कळतं असं सगळं घर मानतं. पण त्या घराची दारं सताड उघडी असायची. ज्या मांजराला धरलेलं आवडायचं नाही ते गडग्यावरून उडी मारून जायचं, ते दादाला आठवतच नाही. आठवतं ते मांडीवर बसून राहणारं. बंद दाराच्या फ्लॅटमध्ये बकुळीला जायला गडगा नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती खिडकीत उन्हाला बसली होती. पाठमोरी. दादा मागून गेला, मानेची कातडी धरून तिला उचललं आणि छातीशी आवळलं. "आई-मांजर पिल्लांना असंच धरते, बघ कशी गप होते." ती गप झालीही, चार-पाच सेकंद. गप म्हणजे लाकडासारखी. मग तिने मुतलं आणि त्याच्या अंगठ्यात दात रुतवले, आरपार. मानेला धरून उचलणं पिल्लाचं असतं. चार किलोची, गुडघे दुखणारी म्हातारी त्या पकडीत गप होते ती भीतीने, विश्वासाने नव्हे. दादाने नळाखाली साबणाने पंधरा मिनिटं हात धुतला, तेवढं मी करवून घेतलं, आणि बकुळीची लस झालेली असूनही त्याने रेबीजची इंजेक्शनं घेतली. ते बरोबरच केलं. मांजर घरातलं असलं तरी चावल्यावर डॉक्टरकडे जायचंच.

बकुळी माळ्यावर जाऊन बसली. दोन दिवस अन्न नाही, पाणी नाही. मांजराने असे दोन-तीन दिवस काढले तर यकृतात चरबी साचायला लागते आणि ते जिवावर बेततं, लठ्ठ मांजरांत जास्त. मी घाबरले. तिसऱ्या दिवशी शिडी लावून, चादरीत गुंडाळून तिला खाली आणलं आणि दुसऱ्या डॉक्टरांकडे नेलं. त्या बाईंनी आधी तिला टेबलावर काढलंच नाही. पिंजऱ्याचं झाकण काढलं, ती आत बसलेली असतानाच हळूच ओठ वर केला आणि मला म्हणाल्या, "हे बघा." डावीकडे वरच्या एका दाढेवर हिरडी लालभडक चढलेली. मग भूल देऊन दातांचे एक्स-रे काढले तेव्हा कळलं, दोन दाढा मुळाशी आतून विरघळत चालल्या होत्या. मोठ्या मांजरांत हे सर्रास होतं, आणि वरून एवढंसं दिसतं. मी रोज प्रेमाने ज्या गालाकडे बोट न्यायचे तो हाच. चार महिने ती मला सांगत होती, दुखतंय.

दोन्ही दाढा काढल्या. त्याच भुलेत मागच्या पायांचे एक्स-रे झाले, गुडघे झिजलेले निघाले. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात बारा वर्षांवरच्या १०० मांजरांचे एक्स-रे पाहिले होते, त्यांतल्या ९० जणांत सांधे झिजल्याच्या खुणा होत्या. तुमची नऊची आहे, तेव्हा अगदी तसंच असेल असं नाही, पण हा विचार सोडू नका. मांजर लंगडत नाही, ओरडत नाही. कपाटावर उडी मारणं बंद करतं आणि पाठीवर, कमरेवर हात आला की सरकतं. आपण म्हणतो, लाजाळू आहे.

दाढा काढल्यावर सहा आठवड्यांनी, जुलैच्या पहिल्या आठवड्यात, मी भांडी घासत होते आणि बकुळी मागून येऊन माझ्या पोटरीला गाल घासून गेली. डावा गाल.

आता भांडण ऐका. दादा मेमध्ये आला, बकुळी जुलैत सुधारली, म्हणून दादाच्या धरण्याने सुधारली. हे तो आजही प्रत्येक लग्नामुंजीत सांगतो. "एकदा कडक हात लागला, सरळ झाली." सगळे माना डोलावतात. मुलांच्या बाबतीतही तो हेच सांगतो, पण तो विषय इथे नको. दादा, तुझ्या हाताने ती सरळ झाली नाही. तू गेल्यावर तीन आठवडे ती स्वयंपाकघरात पाय ठेवत नव्हती, कारण खिडकी तिथे आहे. ती आली ती दाढ दुखायची थांबल्यावर. तू मागून धरलंस म्हणून शेवटपर्यंत मागून कुणी चाललं की ती फरशीला चिकटायची, हे तुला कुणी सांगितलं नाही कारण तुला वाईट वाटेल म्हणून मीच सगळ्यांना गप केलं. आता वाटतं, सांगायला हवं होतं.

एक मात्र मान्य करते. तो प्रकार झाला नसता तर मी तिला दुसऱ्या डॉक्टरांकडे कधी नेलं असतं, कोण जाणे. मी मेथीच निवडत बसले असते. नुसता धीर धरणं पुरत नाही, हे मी दादाकडून नाही पण त्या दिवसाकडून शिकले.

यापुढची गोष्ट मला जास्त आवडते. दाढा गेल्या, गाल घासणं सुरू झालं, तरी माझा हात वरून आला की ती दचकायची. श्रावणात शेजारी मंगळागौर होती. माझी भाची हातभर काचेच्या बांगड्या घालून आमच्याकडे तयार व्हायला आली. ती केस विंचरायला लागली आणि बांगड्या किणकिणल्या, तशी बकुळी दिवाणाखालून बाहेर आली, शेपूट उभं, थेट तिच्या पायाशी. परक्या पोरीकडे! मी बघत राहिले. मग आठवलं. काका गेल्यावरही काकूंनी हातातल्या काचेच्या बांगड्या उतरवल्या नव्हत्या. बोलणारे बोलायचे. बकुळीला नऊ वर्षं प्रत्येक हाताच्या आधी तो आवाज यायचा. माझ्या हातात एका घड्याळाशिवाय काही नसायचं. माझा हात तिच्यासाठी न सांगता-सवरता येणारा हात होता.

दुसऱ्या दिवशी कासाराकडून डझनभर हिरव्या बांगड्या भरून आले. तिच्या जवळ जायच्या आधी मनगट हलवायचं, आवाज होऊ द्यायचा, मग हाताची मूठ तिच्या नाकाच्या उंचीवर धरून थांबायचं. वरून न्यायचा नाही. तिने हुंगून गाल लावला तरच गालावर, हनुवटीखाली, कान आणि डोळ्याच्या मधल्या जागेवर बोट फिरवायचं. तीन सेकंद, की हात काढून घ्यायचा. पुन्हा तिने डोकं पुढे केलं तर आणखी तीन सेकंद. गणपतीपर्यंत तिची रीत मला कळली. शेपटाचं टोक हललं, कान आडवे झाले, पाठीची कातडी थरथरली, घुरघुर मध्येच थांबली, की तिच्यापुरतं पुरे. पोट उघडं करून लोळली म्हणजे पोटावर हात ठेव असं ती म्हणत नाही, हे तुमच्या घरातल्या मुलांना आधी सांगा. शेपटीच्या मुळापाशीही बहुतेक मांजरांना नको असतं.

तुमच्या प्रश्नात "किती दिवसांत" असंही आहे. बकुळीला पहिल्या हातापर्यंत साडेसहा महिने लागले, त्यातले चार माझ्या चुकीचे. तुमची कुठून आली यावर पुष्कळ आहे. पिल्लाला दुसऱ्या ते सातव्या आठवड्यात माणसाचा हात लागला असेल तर ते मोठं झाल्यावरही हाताला ओळखतं. तेव्हा लागलाच नसेल तर ती शेवटपर्यंत शेजारी बसेल पण हातात येणार नाही, आणि तेही सुखाचं असू शकतं. आधीच्या घरच्यांना विचारा, पण "स्वभाव कसा आहे" असं नका विचारू, त्याला सगळे "गरीब आहे" म्हणतात. कोण खायला घालायचं, कुठल्या नावाने हाक मारायचे, घरात पुरुष होते का, कुणाच्या पायात पैंजण होते, टीव्ही किती वाजता लागायचा, हे विचारा. बांगड्या आमच्या होत्या, तुमचं वेगळंच काही निघेल.

सासूबाईंशी वाद घालू नका. त्यांना रोज तिच्यासमोर लसूण सोलत बसायचं काम द्या, तोंड दुसरीकडे करून. वयस्कर बायका एका जागी शांत बसतात, मांजरांना त्यांचा लळा लवकर लागतो. काकूंकडे मी तेच बघितलं. सोललेली लसूण मात्र उचलून ठेवायची, ती मांजराच्या पोटात जाता कामा नये.

आणि याआधी, या आठवड्यात, डॉक्टर. तोंड उघडून बघायला सांगा, कंबर आणि गुडघे दाबून बघायला सांगा, गरज वाटली तर रक्त तपासून मग भूल. दुखतंय असं वाटलं म्हणून घरातली पॅरासिटामॉलची गोळी तुकडा करूनही देऊ नका, मांजर त्याने मरतं. वेदनेची औषधं मांजराची वेगळी असतात, डॉक्टर देतील ती.

पिंजरा आजच काढा. झाकण काढून पलंगाजवळ ठेवा, आत तिच्या अंगाखालचं फडकं घाला, खाणं रोज पिंजऱ्याच्या एकेक वीत जवळ सरकवा. जायच्या दिवशी माळ्यावरून पिंजरा खाली आला की तिला कळतं, आणि मग तुम्हाला तिला धरावंच लागतं. बकुळी शेवटची पाच वर्षं स्वतः चालत पिंजऱ्यात जायची. मांडीवर ती कधीच बसली नाही. माझ्या पावलाला पाठ टेकवून, तोंड दाराकडे करून बसायची, आणि मी जागची उठायच्या आधी मनगट हलवायचे.