वैद्यकीय संशोधनावर सरकारने पैसा खर्च करावा का?

तुम्ही वादविवाद स्पर्धा करणाऱ्या विद्यार्थ्यांची पार्श्वभूमी आणि या विषयावरचं मत विचारलंत, म्हणून लिहिते.

मी परळची. आजोबा गिरणीत होते, आई महापालिकेची आरोग्यसेविका आहे. मी सूक्ष्मजीवशास्त्रात बी.एस्सी. करते आहे आणि अकरावीपासून वादविवादात भाग घेते. टाटा रुग्णालयाबाहेर फुटपाथवर मुक्काम करणारी गावाकडची कुटुंबं लहानपणापासून बघते आहे, त्यामुळे हा विषय माझ्यासाठी नुसता स्पर्धेपुरता नाही.

माझं मत स्पष्ट आहे: ज्या प्रश्नाच्या उत्तरातून कुणालाच नफा होणार नाही, तिथे सरकारी पैसा आधी लागला पाहिजे. टाटा मेमोरियलच्या डॉक्टरांनी स्तनांच्या कर्करोगाच्या शस्त्रक्रियेआधी गाठीभोवती लिग्नोकेन टोचून पाहिलं. लिग्नोकेन म्हणजे दात काढताना देतात ते भुलीचं औषध. १६०० स्त्रियांवरच्या चाचणीत पाच वर्षांनंतर हयात असणाऱ्यांचं प्रमाण ८६.४ वरून ९०.१ टक्क्यांवर गेलं. इतकं स्वस्त, पेटंट नसलेलं औषध. त्याची अशी चाचणी कुठली कंपनी करेल? इथे पैसा केंद्राच्या अणुऊर्जा विभागाचा होता.

दुसरं उदाहरण माझ्या मनाला जास्त लागतं. १९९८ पासून मुंबईच्या झोपडपट्ट्यांत दहावीपर्यंत शिकलेल्या बायकांना प्रशिक्षण देऊन गर्भाशयमुखाच्या कर्करोगासाठी साध्या ॲसिटिक ॲसिडने (व्हिनेगरमधलं आम्ल) तपासणी केली गेली. साधारण दीड लाख स्त्रियांच्या या अभ्यासात त्या कर्करोगाचे मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले. आईसारख्याच बायकांनी केलेलं काम! पण पैसा अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेचा होता. तो मिळाला याबद्दल कृतज्ञताच आहे, तरी आपल्या वस्त्यांचा प्रश्न परक्या देशाच्या करदात्यांनी का सोडवावा, हे मला पटत नाही.

विरोधी बाजू नेहमी म्हणते, ‘आधी आरोग्य केंद्रात औषधं द्या, संशोधन मग.’ हा मुद्दा हलका नाही. औषधं संपल्यावर लोकांचं बोलणं आईलाच ऐकावं लागतं. पण १९५० च्या दशकात मद्रासमध्ये झालेल्या अभ्यासाने दाखवलं की क्षयाचे रुग्ण घरी राहून औषध घेत असले तरी सॅनेटोरियममध्ये, म्हणजे क्षयरुग्णांच्या खास रुग्णालयात, राहणाऱ्यांइतकेच बरे होतात. खाटांवर जाणारा केवढा खर्च त्या एका उत्तराने वाचला!

माझी एक अट मात्र आहे. आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियलमधून उभी राहिलेली कार-टी उपचारपद्धती (रुग्णाच्याच रोगप्रतिकारक पेशी बदलून त्यांना कर्करोगाशी लढायला लावणारी) २०२३ मध्ये मंजूर झाली. तिला सरकारी अनुदानाचाही हातभार होता. परदेशात कोटींत जाणारा उपचार इथे लाखांत आला, याचा मला अभिमान आहे. पण तेवढे लाखसुद्धा फुटपाथवरच्या कुटुंबाकडे नसतात. म्हणून जनतेचा पैसा देतानाच, करारातच, किमतीची मर्यादा आणि सरकारी रुग्णालयांसाठीचा वाटा लिहून घ्यावा. औषध बाजारात आल्यावर विनंत्या करून काही होत नाही.