मुंबई ते ऑकलंड: तिकिटावरचे तास आणि खरे तास

पुण्याहून इथे न्यूझीलंडमधल्या ऑकलंडला नोकरीसाठी येताय, तर अंतर किती, प्रवास किती तासांचा आणि घरी काही झालं तर एका दिवसात परत पोचता येतं का, असं तुम्ही विचारलंत. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो: नाही पोचता येत.

मुंबई-ऑकलंड सरळ हवाई अंतर साधारण १२,३०० किलोमीटर. आजमितीला थेट विमान नाही, वाटेत बदलावं लागतंच. नकाशावर वाटत नाही, पण सिंगापूर जवळजवळ सरळ रेषेतच येतं: मुंबईहून ३,९०० किलोमीटर, साडेपाच तास, तिथून पुढे ८,४०० किलोमीटर, दहा तास. वळसा असा नाहीच. दुबईमार्गे मात्र आधी तीन तास उलट्या दिशेला जायचं आणि मग १४,२०० किलोमीटर एका दमात, म्हणजे सोळा तास खुर्चीत. तिकीट स्वस्त असेलही, मी तरी घेणार नाही.

तिकिटावर सगळ्या वेळा स्थानिक असतात, तिथे भलेभले फसतात. समजा शुक्रवारी रात्री साडेअकराला मुंबईहून निघालात, सिंगापूरला तीन तास थांबलात, तर ऑकलंडला उतराल रविवारी पहाटे साडेबाराला. घड्याळात २५ तास, प्रत्यक्षात साडेअठरा. कारण इथलं, ऑकलंडचं घड्याळ भारतापेक्षा साडेसहा तास पुढे. सप्टेंबरच्या शेवटच्या रविवारपासून एप्रिलच्या पहिल्या रविवारपर्यंत तर साडेसात. भारतात परत जाताना हाच हिशोब उलटा: दुपारी निघून त्याच मध्यरात्री मुंबईत, जणू बारा तासांत पोचलो! शरीराला विचारा किती झाले ते. शिवाय पश्चिमेकडून येणारे वारे परतीला समोरून लागतात, म्हणून ऑकलंड-सिंगापूर टप्पा पाऊण-एक तासाने वाढतो.

आता घर ते घर मोजा. इथे विमानतळावर तीन तास आधी, मुंबईत बाहेर पडायला तासभर, पुढे पुण्यापर्यंत चार तास. सगळं जमून आलं तरी २७-२८ तास, आणि तेही त्याच दिवशी जागा मिळाली तर. त्यामुळे आईबाबांजवळ अर्ध्या तासात पोचेल असं कुणीतरी आत्ताच ठरवून ठेवा, डॉक्टरांचे नंबर त्या माणसाकडेही द्या.

घाईत दोन वेगळी तिकिटं जोडू नका. पहिलं विमान लेट झालं तर दुसरी कंपनी जबाबदारी घेत नाही, आणि बॅगा स्वतः घेऊन पुन्हा द्यायच्या तर त्या देशात शिरावं लागतं, म्हणजे व्हिसा लागू शकतो. सिडनी किंवा मेलबर्नमार्गे जायचं तर भारतीय पासपोर्टवर नुसतं विमान बदलायलाही ऑस्ट्रेलियाचा ट्रान्झिट व्हिसा लागतो. फी नाही, पण तो हातात यायला वेळ जातो. अडीनडीला तो मार्ग धरूच नका.