जादूची शक्ती मोठी की माणसाचं शिकणं?

प्रश्न असा आहे: अंगात जादूची शक्ती असलेली बरी, की साधं, चारचौघांसारखं शिकून मिळवलेलं ज्ञान? माझं उत्तर ज्ञान. पण ते मला पुस्तकातून नाही, विंचवातून मिळालंय, त्यामुळे जरा लांबण लागेल.

माझं गाव महाडच्या पलीकडे, सावित्रीच्या खोऱ्यात. १९७४ चा मे महिना, मी सात वर्षांचा. पावसाळ्याआधी घर शाकारायला काढलं होतं. अंगणात उतरवून ठेवलेल्या कौलांच्या ढिगात मी हात घातला आणि बोटाला आग लागली. काळी इंगळी होती, माझ्या तळहाताएवढी. आजीने मला काखोटीला मारलं आणि थेट तात्यांच्या ओटीवर नेऊन टाकलं.

तात्या आमच्या वाडीतले विंचू उतरवणारे. त्यांनी कडुलिंबाचा डहाळा घेतला, ओठातल्या ओठात काहीतरी पुटपुटले आणि विचारलं, "कुठवर चढलाय?" मी रडत म्हटलं, खांद्यापर्यंत. डहाळा खांद्यावरून खाली फिरला. "आता?" दंडात. पुन्हा डहाळा. "आता?" कोपरात. असं करत करत तासाभराने त्यांनी वेदना मनगटाच्या खाली आणली, बोटाला राख चोळली आणि म्हणाले, "जा, झोप आता." मी खरंच झोपलो. त्या रात्री मला कोणी विचारलं असतं की जगातला सर्वांत मोठा माणूस कोण, तर मी तात्यांचंच नाव घेतलं असतं.

तात्या लबाड नव्हते, हे आधीच सांगतो. एक पैसा घेत नसत. घेतला तर मंत्र जातो, असा त्यांच्या गुरूचा नियम होता. ग्रहण लागलं की नदीत गळ्याएवढ्या पाण्यात उभं राहून मंत्र जागवायचे. पडवळ खायचं नाही, का ते त्यांनाही ठाऊक नव्हतं. आणि मंत्र कोणाला सांगायचा नाही. सांगितला की आपला उतरला.

दुसऱ्या वर्षी शेजारच्या घरातल्या पाच वर्षांच्या पोरीला दिवेलागणीला गोवऱ्यांच्या ढिगापाशी विंचू चावला. हा तांबडा होता आणि इंगळीच्या निम्माही नव्हता. "बारकाच आहे," असं मोठी माणसं एकमेकांना सांगत होती. तोच ओटा, तोच डहाळा, तोच प्रश्न. पोरगी म्हणाली, हात आता तेवढा दुखत नाही. सगळ्यांना हायसं वाटलं. मग ती ओकली. परकर-पोलकं घामाने चिंब झालं, आणि हातपाय मात्र गार. मी तिचा पाय धरून बसलो होतो, तो ओल्या दगडासारखा लागत होता. पहाटे तिला धाप लागली, तोंडाशी गुलाबी फेस आला आणि ती गेली.

तात्या म्हणाले, "घरात विटाळ होता. नाहीतर माझा मंत्र असा वाया जात नाही."

त्या पोरीच्या आईने हे वाक्य जन्मभर उरावर वागवलं. जादूबद्दल माझी मुख्य तक्रार हीच आहे. मंत्र चालला तर श्रेय मंत्राचं, आणि नाही चालला तर कोणीतरी गुन्हेगार शोधावा लागतो. कधी बाईचा विटाळ, कधी चुकलेली वेळ, कधी कोणाची नजर. मंत्र स्वतः कधीच चुकत नाही, म्हणून तो कधी सुधारतही नाही. पोरगी गेली आणि तात्यांच्या मंत्रात एक अक्षरही बदललं नाही.

याच सुमारास, १९७६ मध्ये, महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात एक तरुण डॉक्टर आले. हिंमतराव बावसकर. मूळचे जालना जिल्ह्यातले, नागपूरला शिकलेले. त्यांच्यापुढेही अशीच मुलं यायची आणि अशीच मरायची. तेव्हा विंचवावर स्टिरॉइड, अँटिहिस्टामिन वगैरे देत, आणि त्याने गंभीर झालेल्या रुग्णाला काही फरक पडत नसे. म्हणजे त्या घडीला डॉक्टरांच्या इंजेक्शनात आणि तात्यांच्या डहाळ्यात निकालाच्या दृष्टीने फारसं अंतर नव्हतं, हे प्रामाणिकपणे कबूल करायला हवं. अंतर होतं ते पुढच्या गोष्टीत. बावसकर रुग्णाच्या खाटेशी बसून राहायचे आणि दिसेल ते टिपून ठेवायचे. मेलेल्यांचंसुद्धा.

त्यातून जे दिसलं ते असं: काळ्या विंचवाने माणूस ठणक्याने कळवळतो, पण ठणका काही तासांनी आपोआप उतरतो. तांबड्या विंचवाने वेदना कमी असूनही ज्याला उलटी होते, दरदरून घाम सुटतो, हातपाय गार पडतात, पुरुष असेल तर लिंग ताठ होतं, त्याचं हृदय पुढच्या काही तासांत धोक्यात येणार. ही लक्षणं त्यांनी १९८२ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात मांडली. गंमत बघा, एकनाथांच्या भारुडातही विंचू चावल्यावर अंगाला घाम येतो. म्हणजे घाम महाराष्ट्राला चारशे वर्षांहून जास्त काळ माहीत होता. तो कोणाला येतो, कोणाला येत नाही आणि ज्याला येतो त्याचं पुढे काय होतं, हे मात्र कोणी मांडून बघितलं नव्हतं.

आता तात्यांचं यश उलगडतं. वाडीत चावणारे बहुतेक विंचू ठणका देऊन सोडणारे. "कुठवर चढलाय?" असं तासभर विचारत राहिलं की घाबरलेल्या माणसाचा जीव शांत होतो आणि तोवर वेळही निघून जाते. माझी इंगळी तात्यांनी उतरवली नाही, तिची ती उतरली. (मला आजही हे लिहिताना थोडं वाईट वाटतं.) आणि त्या पोरीचा हात दुखायचा थांबला, हे आम्ही चांगलं लक्षण समजलो, ते लक्षणच नव्हतं.

तांबड्या विंचवाचं विष मज्जातंतूंना चेतवून शरीरातलं अ‍ॅड्रेनालिन आणि त्याच्या जातीची रसायनं एकदम मोकळी करतं. रक्तवाहिन्या आवळतात, हृदयावर प्रचंड दाब येतो, ते थकतं आणि फुप्फुसात पाणी भरतं. गुलाबी फेस तो हाच. एवढं कळल्यावर उपाय सापडण्याची वाट मोकळी झाली. प्राझोसिन नावाची रक्तदाबाची एक स्वस्त गोळी होती, ती आवळलेल्या रक्तवाहिन्या सैल करते. तिचा विंचवावरचा उपयोग बावसकर दांपत्याने १९८६ मध्ये लॅन्सेटमध्येच प्रसिद्ध केला. गंभीर रुग्णांतले मृत्यू, जे पूर्वी ४० टक्क्यांच्या घरात असायचे, ते १ टक्क्याच्या आसपास आले. पुढे विंचवाचं प्रतिविष आल्यावर त्यांनी ते स्वतःच्याच गोळीच्या जोडीला देऊन पाहिलं आणि रुग्ण आणखी लवकर बरे होतात, हे २०११ मध्ये छापलं. ज्या उपायाने नाव झालं, त्यात भर घालायची गरज आहे असं त्याच माणसाने जाहीर करायचं, हे मंत्राच्या दुनियेत होत नाही. त्यांना २०२२ मध्ये पद्मश्री मिळाली.

तुम्ही म्हणाल, ही खोट्या जादूची गोष्ट झाली. शक्ती खरी असती तर? बरं, धरून चालू की तात्यांचा मंत्र शंभर टक्के खरा होता. तरी ते एकच माणूस होते. मुलाकडे मुंबईला महिनाभर गेले की वाडी उघडी. त्यांना ताप आला तर वाडी उघडी. मंत्र सांगितला तर जातो, म्हणून ते गेल्यावर वाडी कायमची उघडी. उलट ती गोळी कुठल्याही आडगावच्या आरोग्य केंद्रात, कालच रुजू झालेल्या डॉक्टरच्या हातूनही काम करते. बावसकर तेव्हा आपल्या घरी झोपलेले असले तरी चालतं. खरी जादू असूनही मी हेच निवडीन.

महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यात तर कुत्रा, साप किंवा विंचू चावलेल्याला वैद्यकीय उपचारांपासून रोखून मंत्रतंत्र करणं हा स्वतंत्र गुन्हा म्हणून घातलेला आहे. कायदा हवाच होता. पण आमच्या वाडीत बदल त्याच्या खूप आधी झाला, आणि तो तात्यांनीच केला.

चांगदेवांची गोष्ट आपल्याला लहानपणापासून माहीत असते: चौदाशे वर्षांचं आयुष्य, वाघावर स्वारी, आणि ज्ञानेश्वरांना पत्र लिहायला बसले तर मायनाच सुचेना, म्हणून कागद कोराच धाडला. सगळे त्यावर हसतात. मला मात्र तो कोरा कागद चांगदेवांच्या सगळ्या सिद्धींपेक्षा मोठा वाटतो. मला कळत नाही, असं त्यात लिहिलेलं होतं.

तात्यांचा कोरा कागद १९९० च्या आसपास आला. त्यांच्या नातवाला तांबडा विंचू चावला. लोक सवयीने डहाळा आणायला धावले. तात्यांनी पोराच्या कपाळावरून हात फिरवला, तो ओला झाला, आणि ते ओरडले, "रिक्षा आणा!" महाडपर्यंत पोराला मांडीवर घेऊन मंत्र पुटपुटतच बसले होते म्हणे. दवाखान्यात गोळी दिली, दोन दिवसांनी पोरगा घरी आला.

त्यानंतर कोणी विंचू चावलेला घेऊन ओटीवर आलं की तात्या आधी कपाळ चाचपायचे, मग पाय. पाय गार लागला तर बसूही देत नसत. पाय गरम असला तर डहाळा काढायचे आणि विचारायचे, "कुठवर चढलाय?"