टीव्ही ‘क्लोज’ करू नकोस

ऐरोलीच्या कॉल सेंटरमध्ये इंग्लंडच्या ग्राहकांचे फोन घेत माझी बरीच वर्षं गेली, म्हणून तुला आधीच सांगते. कामाच्या पहिल्याच आठवड्यात कोणीतरी ‘माय टेलीज गॉन ऑफ’ म्हणेल. तेव्हा टेलिफोन समजू नकोस, मी समजले होते आणि दहा मिनिटं त्या आजींच्या फोनची चौकशी करत बसले! टेली म्हणजे टीव्ही. ब्रिटिश माणूस घरात असंच बोलतो, अमेरिकन सरळ टीव्ही म्हणतो. ‘टेलिव्हिजन’ हा पूर्ण शब्द बोलण्यात कमीच येतो. तो १९०० साली पॅरिसच्या वीज परिषदेत कॉन्स्टँटिन पेर्स्की या रशियन अभियंत्याने वापरला होता. ‘टेली’ ग्रीक, म्हणजे दूर, आणि ‘व्हिजन’ लॅटिनमधलं. आपलं ‘दूरदर्शन’ अगदी तेच सांगतं.

खरी गडबड क्रियापदांत होते. आपण घरी ‘टीव्ही बंद कर’ म्हणतो, म्हणून तोंडात ‘क्लोज द टीव्ही’ येतं. तसं नाही, ‘टर्न ऑफ’ किंवा ‘स्विच ऑफ’. लावायचा असेल तर ‘ओपन’ नाही, ‘टर्न ऑन’. बघणं म्हणजे ‘वॉच टीव्ही’, मध्ये ‘द’ लागत नाही. ‘टीव्हीत दिसलास’ हे ‘ऑन टीव्ही’ होतं, ‘इन’ नाही. पण ‘ऑन द टीव्ही’ म्हटलं, तर कपाटावर ठेवावी तशी टीव्हीवर ठेवलेली वस्तूही असू शकते.

आज घरी गेल्यावर रिमोट हातात घेशील तेव्हा प्रत्येक बटणाला हे मोठ्याने म्हण. सासूबाई विचारतील, तर त्यांनाही शिकव.