पास वसूल होईल, पण पैसे वाचतील का?

प्रश्न: आम्ही चौघं. मुलगी ८ वर्षांची, मुलगा ५ वर्षांचा. घरापासून गाडीने दीड तासावर एक मोठं थीम पार्क आहे. गेल्या वर्षी आम्ही तिथे दोनदा गेलो, मुलांना फार आवडलं. आता पार्कने वार्षिक पासची ऑफर काढली आहे. पासची किंमत एका दिवसाच्या तिकिटाच्या २.६ पट आहे, म्हणजे तिसऱ्या फेरीलाच पैसे वसूल. शिवाय पार्किंग मोफत आणि आतल्या खाण्यावर १५ टक्के सूट. मिस्टर म्हणतात, पास हातात असला की पाच वेळा तरी जाऊ, चौघांचे काढून टाकू. मला मात्र खात्री वाटत नाही. पैसे हप्त्यानेही भरता येतात. ऑफर महिनाअखेरीस संपते. काय करावं?

उत्तर: चौघांचे चार पास या वर्षी काढू नका, असं माझं मत आहे. एक मधला मार्ग आहे, त्याबद्दल पुढे लिहितो. आधी हिशेब बघू.

चौघांची एका दिवसाची तिकिटं मिळून १०० धरू. मग चार पासांचे होतात २६०. जाहिरातीतला हिशेब इथेच थांबतो, कारण पार्कला तो इथेच थांबलेला हवा असतो. पण घरातून निघून परत येईपर्यंत तिकिटाखेरीज आणखी किती जातात? आकडे मी अंदाजाने घेतो, तुम्ही मागच्या दोन फेऱ्यांची बिलं काढून दुरुस्त करा. इंधन आणि टोल १५, पार्किंग ५, खाणंपिणं ३०, मुलांनी हट्ट करून घेतलेल्या वस्तू आणि फोटो १०. हा वरखर्च झाला ६०. पास असला तर पार्किंगचे ५ वाचतील, खाण्यातले साडेचार वाचतील, म्हणजे वरखर्च साधारण ५० वर येईल.

गेल्या वर्षीच्या दोन फेऱ्यांना तुम्हाला पडले ३२०. यंदा पास काढून पाच वेळा गेलात, तर पासाचे २६० आणि वरखर्चाचे २५०, मिळून ५१०. पार्कचं ॲप त्या दिवशी तुमचं अभिनंदन करून सांगेल की तुम्ही २४० वाचवले, कारण पाच दिवसांची तिकिटं ५०० ची झाली असती आणि तुम्ही २६० च दिलेत. तुमच्या बँक खात्यात मात्र गेल्या वर्षीपेक्षा १९० कमी असतील. दोन्ही आकडे खरे आहेत. फरक एवढाच की पार्क ज्या पाच तिकिटांशी तुलना करतं, त्यातली तीन तुम्ही कधी विकत घेणारच नव्हतात.

म्हणून पास वसूल व्हायला किती फेऱ्या लागतात, हे मी नंतर बघतो. आधी विचारतो, पास नसता तर पूर्ण तिकीट काढून तुम्ही किती वेळा गेला असता? उत्तर तीन किंवा जास्त असेल तर पास डोळे झाकून घ्या. तीन फेऱ्यांना तिकिटाने ४८० आणि पासाने ४१०, वाद संपला. तुमचं उत्तर दोन आहे. दोन फेऱ्यांत पास ४० नी महाग पडतो.

आता मिस्टरांची बाजू. ती मी हलकी समजत नाही. १९० जास्त जातील, पण त्या बदल्यात तीन जादा सहली मिळतील, म्हणजे एक सहल ६३ ला. पास नसता तरी ते तीन रविवार तुम्ही घरात थोडेच बसणार होतात? सिनेमा, बाहेरचं जेवण, मॉलमधली चक्कर यांत समजा दर वेळी ४० गेले असते, तर पार्कची जादा सहल पडली जेमतेम २३ ला. मुलांच्या आनंदाच्या मानाने हे स्वस्त आहे. पण त्यासाठी पार्कमध्ये गेलेल्या रविवारनंतरचा रविवार खरोखर बिनखर्चाचा जायला हवा. बहुतेक घरांत तसं होत नाही, पार्कची सहल नेहमीच्या खर्चावर बसते. तुमच्या घरात काय होतं हे तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक असेल.

पासाने फेरीचं रूपही बदलतं, हेही मान्य करायला हवं. एका दिवसाचं तिकीट काढलं की सकाळी गेट उघडल्यापासून रात्री बंद होईपर्यंत मुलांना फरफटवलं जातं, कारण तिकीट वसूल करायचं असतं. पासवाला चार तासांत, मुलं पेंगायला लागली की निघतो. मात्र तुमचा जाऊन-येऊन प्रवास तीन तासांचा आहे. चार तासांसाठी तीन तास गाडीत बसणं दोनदा होईल, पाचदा होईल असं मला वाटत नाही. वीस मिनिटांवर राहत असतात तर हे उत्तर मी वेगळं लिहिलं असतं.

‘पाच वेळा तरी’ हा आकडाही तपासून घ्या. स्वतःच्या भविष्यातल्या उत्साहाबद्दल माणूस फार उदार असतो. स्टेफानो डेलाविन्या आणि उलरिके माल्मेंडियर या अर्थतज्ज्ञांनी अमेरिकेतल्या तीन जिमच्या ७,७५२ सदस्यांच्या हजेरीची नोंद तपासली होती. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात महिन्याला ७० डॉलरहून जास्त फी भरणारे लोक सरासरी ४.३ वेळा जिमला जात होते. एका खेपेला त्यांना १७ डॉलरच्या वर पडत होते, आणि त्याच जिममध्ये दहा खेपांचं कार्ड घेतलं असतं तर खेप १० डॉलरला पडली असती. जिम आणि थीम पार्क यांत फरक आहे, पार्कला जायला कुणाला ढकलावं लागत नाही. पण वर्षाच्या सुरुवातीला मनात धरलेला आकडा आणि प्रत्यक्षातला आकडा यांतलं अंतर दोन्हीकडे तसंच पडतं.

त्यामुळे आज रात्री दोघांनी कॅलेंडर घेऊन बसा. पार्कचे ब्लॅकआउट दिवस, म्हणजे पास चालत नाही ते दिवस, आधी खोडा. स्वस्त पासांवर नेमके मोठे सण, लांब सुट्ट्या आणि गर्दीचे शनिवार-रविवार बंद असतात, आणि शाळकरी मुलांच्या आईवडिलांना तेच दिवस मोकळे असतात. मग परीक्षा, नको तितक्या उन्हाचे किंवा पावसाचे आठवडे, घरातली ठरलेली कार्यं, ऑफिसचे वर्षअखेरीचे दिवस खोडा. उरलेल्यांतून पाच तारखा नेमक्या सांगता येतात का पाहा. ‘बघू, जमेल तसं’ ही तारीख नव्हे.

ब्लॅकआउट नाही असं लिहिलं असलं तरी प्रवेशासाठी आधी स्लॉट बुक करावा लागतो का, ते विचारा. कॅलिफोर्नियातल्या डिस्नेलँडने २०२१ मध्ये जुनी वार्षिक पासची योजना बंद करून आरक्षणावर चालणारी नवी आणली. त्यातल्या सगळ्यांत महाग पासाला एकही ब्लॅकआउट दिवस नाही, असं सांगितलं होतं. पण हव्या त्या दिवसाचं आरक्षणच मिळत नाही, अशी तक्रार घेऊन पासधारक न्यायालयात गेले. कंपनीने चूक मान्य केली नाही, मात्र ९५ लाख डॉलरवर तडजोड केली. पासवर ‘अमर्याद’ लिहिलेलं असलं की मी तरी आधी बुकिंगचं पान उघडून पुढचे चार शनिवार मोकळे दिसतात का ते बघतो.

पार्क इतका स्वस्त पास देतं तरी कसं, हे समजलं की पुढचे निर्णय सोपे होतात. १९५५ मध्ये डिस्नेलँड सुरू झालं तेव्हा प्रवेशाचे पैसे वेगळे आणि प्रत्येक राइडचे वेगळे होते, तिकिटांची पुस्तकं मिळायची. १९८२ मध्ये ती पद्धत गेली आणि एकदा पैसे भरून आत शिरलं की सगळ्या राइड खुल्या झाल्या. गेटवर किती घ्यायचे आणि आत किती, या कोड्यावर वॉल्टर ओय या अर्थतज्ज्ञाने १९७१ मध्ये डिस्नेलँडचंच उदाहरण घेऊन एक निबंध लिहिला. अर्थशास्त्राचे विद्यार्थी तो अजून शिकतात. आज मोठ्या पार्क कंपन्या भागधारकांना माणशी उत्पन्न दोन भागांत दाखवतात: प्रवेशातून किती आणि आतल्या खर्चातून किती. पासवाल्याकडून गेटवर कमी मिळतं, पण तो पुन्हा पुन्हा आत येतो आणि दर वेळी भूक घेऊन येतो. खाण्यावरची १५ टक्के सूट तुमच्यासाठी बचत आहे, पार्कसाठी ती तुम्हाला आत जेवायला बसवण्याची किंमत आहे. बाहेरचं खाणं आत नेऊ देत असतील तर तुमचा वरखर्च सूटीपेक्षा कितीतरी जास्त उतरेल. आधी तेवढं विचारून घ्या.

आता तुमच्या पत्रात नसलेली एक गोष्ट, माझ्या मते सगळ्यांत महत्त्वाची: मुलांची उंची मोजा. मोठ्या रोलर कोस्टरांना बहुधा ४८ इंच, म्हणजे १२२ सेंटिमीटर उंची लागते. त्याखालच्या मध्यम राइडना अनेक ठिकाणी १०२ च्या आसपास, आणि सगळ्यांत दांडग्या राइडना १३७. साधारण वाढीची ८ वर्षांची मुलगी १२७ च्या आसपास असते, म्हणजे ती नुकती मोठ्या राइडच्या दारात पोचली आहे. ५ वर्षांचा मुलगा ११० च्या आसपास असतो आणि वर्षाला सुमारे सहा सेंटिमीटर वाढतो. १२२ ला पोचायला त्याला दोन वर्षं लागतील. तोवर त्याच्यासाठी पार्क म्हणजे त्याच त्या लहान आणि मध्यम राइड, आणि कुंपणापाशी त्याचा हात धरून उभे राहिलेले तुमच्यातले एक जण. चौघांच्या पासाची खरी वेळ दोन वर्षांनी येईल.

म्हणून मधला मार्ग असा: पास दोनच काढा, मुलीचा आणि तुमच्या दोघांपैकी ज्याला राइडची हौस आहे त्याचा. त्यांचे १३०. वर्षातून दोनदा चौघं मिळून जाल तेव्हा उरलेल्या दोघांची दिवसाची तिकिटं, त्यांचे १००. तिकिटांवर एकूण २३०, म्हणजे पास न काढता दोन फेऱ्या केल्या असत्या त्यापेक्षा ३० जास्त. त्या ३० मध्ये मुलीला आणि तिच्या जोडीदाराला वर्षभर दार उघडं. दोघांच्याच फेरीचा वरखर्चही तीस-पस्तीसवर भागेल. याची एक किंमत माझ्या कागदावर मांडता येत नाही. ताई निघाली आणि आपण घरी, हे पाच वर्षांच्या मुलाला समजावणं सोपं नाही. ते घरात झेपणार नसेल तर दोन पासांचा बेतही सोडा आणि गेल्या वर्षीसारखी दोनदा तिकिटं काढून जा. ३२० मध्ये दोन छान दिवस, यात काहीही चुकीचं नाही.

ऑफर संपण्याची घाई मनावर घेऊ नका. सिक्स फ्लॅग्जसारख्या अमेरिकी पार्कांच्या साखळ्या पुढच्या वर्षाचे पास आदल्या मोसमाच्या शेवटीच विकायला काढतात आणि उरलेले दिवस त्यात फुकट घालतात. अशा ऑफर फिरून येतात. तसंच काही मोठ्या पार्कांत दिवसाचं तिकीट काढून आत गेलात आणि त्याच दिवशी पास घ्यावासा वाटला, तर तिकिटाचे पैसे पासात वळते करून देतात. तुमच्या पार्कात ही सोय असेल तर आज काहीच ठरवायची गरज नाही. फक्त वरचा हिशेब घरी करून जा. संध्याकाळी मुलं आनंदाने नाचत असताना काउंटरपाशी कुणालाच बेरीज जमत नाही. पासाची मुदत खरेदीच्या दिवसापासून मोजतात की पहिल्या प्रवेशापासून, आणि ‘वार्षिक’ म्हणजे पुरते बारा महिने की मोसम संपेपर्यंत, हेही तिथेच विचारा.

राहता राहिले हप्ते. बिनव्याजी असले तरी बहुतेक करारांत वर्षाचे सगळे हप्ते बांधलेले असतात. मध्येच जाणं थांबलं म्हणून भरणं थांबत नाही. क्रेडिट कार्डावर आधीच बाकी असेल किंवा तीन-चार महिन्यांच्या घरखर्चाएवढी शिल्लक बाजूला नसेल, तर हप्त्याने काय आणि रोखीने काय, पास घेऊ नका. तशी अडचण नसेल तर सहलींसाठी वर्षाची जी रक्कम ठरवली असेल त्यातून एकरकमी द्या, म्हणजे ती रक्कम किती उरली ते लगेच दिसतं.

हप्ते घेतलेच तर करारातलं आपोआप नूतनीकरणाचं कलम शोधा. वर्ष संपल्यावर तुम्ही काही कळवलं नाही तर महिन्यामागून महिना पैसे कापले जातात. वर सांगितलेल्या जिमच्या अभ्यासात लोक शेवटचं जिमला गेले तो दिवस आणि त्यांनी सदस्यत्व रद्द केलं तो दिवस, यांत सरासरी दोन महिन्यांहून जास्त अंतर होतं. पास घ्याल त्याच दिवशी मुदत संपण्याच्या दीड महिना आधीची आठवण दोघांच्याही फोनवर लावा. ती वाजली आणि पास पुढे नको असला, तर रद्द करण्याची विनंती ईमेलने पाठवा आणि पोच मिळेपर्यंत कार्डाचं स्टेटमेंट बघत राहा.