चाल सुचते, पण सिनेमाचं संगीत जमेल का?

मी झाडीपट्टीच्या नाटकांत ऑर्गन वाजवतो. दिवाळीपासून होळीपर्यंत वडसा भागात काम, बाकी वर्ष धानाची शेती. सिनेमाला संगीत द्यायचं तर मुंबई गाठावीच लागेल का?
– एक वाचक, सिंदेवाही तालुका

आत्ताच नको. रात्रभर नटाच्या तोंडाकडे बघत बोटं पट्ट्यांवर तयार ठेवायची, त्यानं वाक्य लांबवलं की सूर धरून ठेवायचा, खलनायकाचं पाऊल पडलं की तिथंच ठोका द्यायचा, हे तुम्ही हंगामभर करता. पार्श्वसंगीताचं निम्मं शिक्षण हेच आहे. नवख्याला चाल सुचते, पण गप्प कुठे बसायचं ते कळत नाही. तुम्हाला ते कळतं.

उरलेलं निम्मं मात्र शिकावं लागेल. रंगमंचावरचा नट तुम्हाला सांभाळून घेतो, संकलित झालेलं दृश्य घेत नाही. समजा, दार उघडतं ते बरोबर पंधराव्या सेकंदाला. १२० च्या लयीत मिनिटाला १२० मात्रा, म्हणजे पंधरा सेकंदांत ३०. चार-चारच्या हिशेबात साडेसात आवर्तनं होतात आणि सम, म्हणजे आवर्तनाची पहिली मात्रा, दारावर पडत नाही. लय ११२ केली की २८ मात्रा, पूर्ण सात आवर्तनं. दार उघडलं की सम! एखादं तीन मिनिटांचं दृश्य आवाज बंद करून बघा, संगीत कुठे सुरू व्हावं आणि कुठे थांबावं ते सेकंदांसह वहीत लिहा, मगच वाजवा. अशी दोन-तीन दृश्यं मनासारखी झाली की नागपूरकडच्या लघुपट करणाऱ्या पोरांना दाखवा. ए. आर. रहमान यांनीही १९९२ च्या ‘रोजा’आधी कितीतरी वर्षं इतरांकडे कीबोर्ड वाजवला, जाहिरातींना संगीत दिलं. मुंबईला जायचंच तर हातात काम घेऊन जा.

मुलगा बारावी झाला. स्टुडिओसाठी कर्ज काढून द्या म्हणतो. यंदा कापसाचं काही खरं नाही. काय करू?
– एक आई, घाटंजी

ताई, कर्ज काढू नका. बरा लॅपटॉप, चांगला हेडफोन आणि लॅपटॉपला जोडायचा ४९ पट्ट्यांचा साधा मिडी कीबोर्ड एवढ्यावर सुरुवात होते. ‘रीपर’सारखं ध्वनिमुद्रणाचं सॉफ्टवेअर ६० दिवस फुकट वापरून बघता येतं. माईक नंतर घेता येईल. तो आला की रात्री पंखा बंद करून, भिंतीला गाद्या टेकवून आवाज घ्यायचा. टिनाच्या घरात आवाज घुमतो, तो गाद्यांनी बराच मरतो. पदवीचं शिक्षण सोडू देऊ नका. सोबत गांधर्व महाविद्यालयाच्या परीक्षा द्यायला सांगा. त्यांनी काम मिळत नाही, पण कान तयार होतो.

लघुपटाला संगीत दिलं. निर्माता ‘सर्व हक्क कायमचे दिले’ अशा कागदावर सही मागतोय. करू का?
– एक वाचक, अचलपूर

वाचल्याशिवाय अजिबात नाही. कॉपीराइट कायदा १९५७ चा, पण २०१२ च्या दुरुस्तीनं संगीतकाराला मोठा आधार दिला. हक्क निर्मात्याला दिले, तरी चित्रपटगृहातलं प्रदर्शन सोडून इतर वापराच्या रॉयल्टीत तुमचा समान वाटा राहतो. तो सोडून देतो असं लिहून दिलंत, तरी कायद्यानं ते चालत नाही. तो फक्त वारसांना किंवा कॉपीराइट सोसायटीला, म्हणजे रॉयल्टी गोळा करून वाटणाऱ्या संस्थेला, देता येतो. कराराच्या कागदावर मुदत नसेल तर पाच वर्षं धरली जातात, प्रदेश नसेल तर भारत. म्हणून ‘कायमचे’ आणि ‘जगभर’ या दोन शब्दांवर बोट ठेवा आणि त्यांचा वेगळा मोबदला मागा. श्रेयनामावलीत नाव कसं येणार, तेही लिहून घ्या. संगीत प्रसिद्ध झालं की आयपीआरएसचं सदस्यत्व घ्या. गीतकार-संगीतकारांची रॉयल्टी हीच संस्था गोळा करते.

रेला गाण्याची चाल सिनेमात वापरली तर चालेल?
– एक वाचक, एटापल्ली

रेला म्हणजे गोंड-माडिया लोकांचं समूहानं म्हणायचं गाणं. अशी पिढ्यान्‌पिढ्या गायली जाणारी, कर्ता ठाऊक नसलेली चाल कायद्यानं कुणा एकाची नसते. पण कुणी केलेलं तिचं रेकॉर्डिंग उचललंत, तर ते त्याच्या मालकीचं असतं. म्हणून गावात जाऊन स्वतः ध्वनिमुद्रण करा. हे गाणं कधी म्हणतात, कधी म्हणत नाहीत, ते आधी जाणत्या बायांना विचारा. पूजेचं गाणं मारामारीच्या दृश्याखाली घालणं मला तरी गैर वाटतं. गाणाऱ्यांची लेखी संमती घ्या, वाचता येत नसेल तर कागद त्यांच्याच भाषेत वाचून दाखवा. मानधन त्याच दिवशी हातात द्या, आणि पडद्यावर प्रत्येकीचं नाव गावासकट येऊ द्या.